मुनीर सरांचं ‘पक्कं’

केळीवाल्यानं डझनाचा भाव सांगितला की बाकीचे लोक घासाघीस करतात. मुनीर सर विचारायचे, “डझनच का? हे कुणी ठरवलं?” केळीवाल्याला वाटायचं, गिऱ्हाइकाला बारा जास्त होतायत. तो म्हणायचा, “चाचा, दहा घ्या.” सरांना दहा नको असायची, उत्तर हवं असायचं. ते मिळायचं नाही. मग सर मुकाट बारा केळी घेऊन ऑफिसात यायचे, आम्हाला वाटायचे आणि केळं सोलता सोलता तोच प्रश्न आम्हाला विचारायचे.

“हे कुणी ठरवलं?” हा त्यांचा श्वास होता. त्यात तक्रार नसायची, कुणाला अडचणीत आणायचा डावही नसायचा. बशीत चहा ओतून पिताना बशीची खोली कुणी ठरवली, पोस्टाची पेटी लालच का, शाळेची घंटा शेवटच्या तासाला लांब का वाजते, हे त्यांना मनापासून जाणून घ्यायचं असायचं. एकदा आम्ही सगळे वेरूळला गेलो. लोक मूर्ती बघत होते आणि सर एका अर्धवट कोरलेल्या खांबाला वीत लावत बसले होते. पहारेकऱ्यानं शिट्टी मारली तर त्यालाच म्हणाले, “भाई, हे चार खांब एका मापाचे आहेत. माप एका माणसाच्या हाताचं असणार. कोण असेल तो?” पहारेकरी बावीस वर्षं तिथं नोकरीला होता. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो शिट्टी खिशात घालून सरांच्या शेजारी उकिडवा बसला आणि दोघांनी मिळून आणखी तीन खांब मोजले. आमची परतीची गाडी चुकली.

शेख मुनीर हे त्यांचं नाव. जन्म देवगाव रंगारीचा, निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षातला. आधी ते कन्नडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकानं पुढं चिकलठाण्यात दोन खोल्यांचा कारखाना काढला आणि सरांना सन्मानानं बोलावून आणलं. म्हणून मालकसुद्धा त्यांना सर म्हणायचे, आणि मालकच म्हणतात म्हटल्यावर आम्हीही. मालकांची यात मोठी पंचाईत व्हायची. रागावायचं झालं तर आपल्याला पाढे शिकवलेल्या माणसावर रागवावं लागायचं, आणि ते काही त्यांना जमायचं नाही.

आमचा कारखाना वजन करून माल मिसळणाऱ्या यंत्रांसाठी कंट्रोलची पेटी बनवायचा. या पेटीला हुकूम देण्यासाठी सरांनी एक छोटी भाषा तयार केली होती, म्हणजे प्रोग्रामिंगचीच, पण मराठीतली. ‘घे’, ‘तोल’, ‘ओत’, ‘ढवळ’, ‘थांब’, ‘छाप’ असे मोजके शब्द. इंग्रजी न येणाऱ्या कामगारानं स्वतः लिहावं, हा त्यामागचा हट्ट. पेटी सुरू केली की पडद्यावर आधी ‘सलाम, नमस्कार’ अशी अक्षरं यायची. ती आणणारा ‘सलाम’ हा त्यांनी स्वतःच्या हौसेनं घातलेला आणखी एक शब्द होता. सर प्रोग्राम आधी कागदावर पेन्सिलीनं लिहायचे, मजकूर मराठीत आणि समासातल्या टिपा उर्दूत. त्यामुळे त्यांच्या कागदावर डावीकडून आलेलं आणि उजवीकडून आलेलं मधे कुठंतरी भेटायचं.

मी तिथं नवीन लागले तेव्हा कॉलेजातून ताजी ताजी आलेली होते. ताज्या माणसाला दुसऱ्याच्या कामातली उणीव आधी दिसते. तिसऱ्याच दिवशी मी सरांना म्हटलं, “सर, आपल्या भाषेत कॉन्स्टंट नाहीत.”

आकडे ठेवायला त्या भाषेत ‘डबे’ होते. पण डब्यातला आकडा मधेच कुणीही बदलू शकायचा, आणि मिसळणीची नवी फेरी सुरू झाली की सगळे डबे रिकामे व्हायचे. म्हणून लोक जिथं लागेल तिथं थेट आकडाच लिहायचे. माझं म्हणणं साधं होतं. वापरणाऱ्याला एखाद्या आकड्याला स्वतः नाव देता यावं, तो आकडा अगदी वर एकदाच लिहावा आणि यंत्र चालू असताना तो कुणालाही हलवता येऊ नये.

“का?” सरांनी विचारलं.

“सगळ्या भाषांत असतं.”

“शेजाऱ्याकडं असतं म्हणून आपल्याकडं पाहिजे, असं तर लग्नातल्या आहेराचं असतंय, बेटा. तू मला कारण सांग.”

मला कारण सांगता आलं नाही. पुस्तकात असतं, परीक्षेला विचारतात, यापलीकडं मी कधी गेलेच नव्हते. सरांनाच त्याचं वाईट वाटलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली.

त्यांचे वडील देवगावला कापड रंगवायचे. त्यांच्या लाल रंगाला आसपासच्या गावांतून मागणी होती. वहीत सगळं पळीच्या मापानं लिहिलेलं, अमुक तीन पळ्या, तमुक दीड पळी. ती पळी चुलीमागच्या खुंटीला असायची आणि घरातलं कुणी तिला हात लावायचं नाही. “कुणी कायदा केला नव्हता. कुलूप नव्हतं. अब्बांची पळी आहे, बस. माणसाला कळतं काय हलवायचं नाही ते. भाषेनं कशाला त्याचा हात धरायचा? आपल्या माणसांवर भरोसा नाय का?”

सरांनी भरोशाचं नाव काढलं. विषय तिथं थांबला. आमच्या भाषेत कॉन्स्टंट आले नाहीत, आणि मला मनातून सर जुन्या वळणाचे वाटले.

पुढच्या वर्षी कडूबाचं प्रकरण झालं.

कडूबा हा गावाबाहेरच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात आमचं यंत्र चालवायचा. तिशीचा, दहावीपर्यंत शिकलेला, हुशार. सरांची भाषा सगळ्यात चांगली कुणाला आली असेल तर त्याला. खाद्यात चौदा जिन्नस पडायचे. प्रत्येक जिन्नस एका लोखंडी बादलीत तोलला जायचा आणि प्रत्येक ठिकाणी रिकाम्या बादलीचं वजन वजा करावं लागायचं. म्हणजे बादलीच्या वजनाचा तोच आकडा प्रोग्राममध्ये चौदा ठिकाणी. लोखंडी बादली गंजली, तिच्या जागी प्लास्टिकची हलकी बादली आली. कडूबानं जुना आकडा तेरा ठिकाणी बदलला. चौदावा राहिला, आणि तो नेमका मिठाचा. यंत्राला वाटायचं बादली अजून जड आहे, म्हणून जितकी बादली हलकी झाली तितकं मीठ दर फेरीला जास्त पडायचं.

चार दिवसांनी दूधवाले पोती परत घेऊन आले. गाई खाद्याला तोंड लावायच्या आणि हौदाकडं पळायच्या. एका म्हाताऱ्या गवळ्यानं पोत्यातलं चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवलं आणि मॅनेजरच्या टेबलापुढंच थुंकला. मॅनेजरनं कडूबाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

निरोप आमच्याकडे आला तेव्हा मालकांनी सुस्कारा सोडला. यंत्र ठीक होतं, चूक माणसाची होती. सरांनी मात्र कडूबाचा प्रोग्राम मागवून घेतला. कागद टेबलावर पसरून ते त्या बादलीच्या आकड्यांना एकेक पेन्सिलीचा गोल करत गेले. पहिल्या वेळी त्यांचे स्वतःचे गोल तेराच भरले. पुन्हा पहिल्यापासून मोजले, तेव्हा चौदा झाले. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“बेटा,” ते म्हणाले, “तू कारण मागच्या साली द्यायला पाहिजे होतं.”

“मला माहीत नव्हतं, सर.”

“मला तरी कुठं होतं?”

त्याच दुपारी ते मला घेऊन त्या कारखान्यात गेले. मालक मागून आले, घाबरेघुबरे. कडूबा फाटकाबाहेर लिंबाखाली बसला होता, शेजारी जेवणाचा डबा, न उघडलेला. घरी अजून सांगितलं नव्हतं. आत मॅनेजर म्हणाले, “तुमच्या यंत्राबद्दल तक्रार नाय, सर. माणूसच बेफिकीर निघाला.”

“तक्रार असायला पाहिजे,” सर म्हणाले. “एकच आकडा चौदा ठिकाणी लिहायला लावते ती भाषा मी केली. चौदावा कुणाचा तरी राहणारच होता. आज सकाळी माझा पण राहिला. मला काढून टाकता येत असेल तर काढा, त्याला नको.”

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. विकलेलं यंत्र सदोष आहे असं आपलाच माणूस गिऱ्हाइकासमोर सांगतोय, आणि तो माणूस आपला मास्तर. ते एवढंच म्हणू शकले, “सर, जरा बाहेर येता का?” सर गेले नाहीत. त्यांनी तेच म्हणणं कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. मॅनेजर कठोर होते, पण अशी सही त्यांनी कधी पाहिली नसावी. आठ दिवसांत हे दुरुस्त झालं तर कडूबा राहील, नाही तर यंत्र आणि कडूबा दोन्ही बाहेर, असं ठरलं.

आठ दिवसांतला पहिला दिवस सरांनी देवगावला जाण्यात घालवला. आम्ही कपाळाला हात लावला. त्यांना आपाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, पळीबद्दल विचारायचं होतं. परत आले ते पार बदलून. आल्या आल्या बॅगसुद्धा खाली न ठेवता सांगायला लागले.

आपानं त्यांना विचारलं होतं, “मुन्ना, कोणती पळी?”

“अब्बांची. कधी बदलली नाही ती.”

“दोनदा बदलली,” आपा म्हणाली.

सरांचा जन्म नंतरचा, त्यांना ठाऊकच नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घरचे सगळे काही दिवस शेतात लपले होते. परत आले तर घरातली भांडी नाहीशी झालेली, पळीसुद्धा. वडिलांनी दुसरी पळी आणली, ती मोठी निघाली. मग त्यांनी आपल्या जुन्या लाल फेट्याचा तुकडा समोर ठेवला, कापडाच्या चिंध्या रंगवून बघायचे आणि पळीची कड कानशीनं घासायचे. पुन्हा चिंधी, पुन्हा कानस. रंग फेट्याशी जुळला त्या दिवशी घासणं थांबवलं. वहीतला एक आकडाही त्यांनी खोडला नाही. पुढं तीही झिजली तेव्हा पुन्हा हेच.

“पळी बदलली, पण एकाच जागी बदलली,” सर म्हणत होते. “वहीत शंभर ठिकाणी ‘पळी’ लिहिलंय, तिथं हात लावावा लागला नाही. मी आजपर्यंत समजत होतो की जे बदलत नाही त्याला नाव द्यायचं. उलटं आहे, बेटा. ते कधीतरी बदलणारच आहे, म्हणून नाव द्यायचं.”

मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. आपण वर्षभर चुकत होतो याचा एखाद्याला इतका आनंद होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

शब्द ठरला ‘पक्कं’. धुतला तरी न जाणाऱ्या रंगाला त्यांच्या घरी पक्का म्हणायचे. वर एकदा लिहायचं, ‘पक्कं बादली’ आणि पुढं आकडा, मग खाली सगळीकडं नुसतं ‘बादली’. फेरी चालू असताना तो आकडा कुणाला हलवता येणार नाही. बदलायचाच तर यंत्र थांबवून, वर जाऊन, एका जागी. पण पेटीच्या चिपमध्ये जागा उरली नव्हती. नवा शब्द घालायचा तर जुना एखादा काढावा लागणार होता. मी आणि मालक यादी घेऊन बसलो. सरांनी यादी न बघता ‘सलाम’ काढून टाकला. मालक म्हणाले, “सर, तो तुमचा आहे.” सर म्हणाले, “म्हणून तर मला काढता येतो.”

सातव्या दिवशी त्यांनी कडूबाला खुर्चीवर बसवलं आणि पहिलं ‘पक्कं’ त्याच्या हातानं लिहून घेतलं. मग स्वतः उठून तिसरीच एक बादली आणून यंत्राखाली ठेवली. कडूबानं वरचा एक आकडा बदलला. मीठ बरोबर पडलं. मॅनेजरनी दोनदा तोलून बघितलं आणि निघून गेले. कडूबाची नोकरी राहिली. त्या दिवसापासून तो आमच्या पेटीवर स्वतःचे असे ‘पक्कं’ लिहू लागला, पोत्याचं वजन, ओलावा, भुशाचं प्रमाण. सर त्याचे प्रोग्राम आणून मला दाखवायचे. “बघ, यानं काय काय बदलेल याचा विचार करून ठेवलाय.”

पुढं मालकांनी कारखाना बंद केला, मी दुसरीकडं लागले, सर छावणी भागातल्या आपल्या घरी निवांत झाले. मधे पंचवीसेक वर्षं गेली. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कडूबाच्या फोनमुळं.

“म्याडम, वळखलं का? कडूबा बोलतोय. आपली पेटी अजून चालू हाय बघा.” आपल्याकडं जे चालतं ते कुणी बदलत नाही. “पर पोत्याच्या लेबलावर नाव बदलायचंय. हितं कुणालाच येत नाय. सरांना आणता का?”

“कसलं नाव?”

“गावाचं. आपल्या शहराचं. आता नवं आलंय ना.”

मी छावणीत गेले. सर पंचाहत्तरीला टेकले होते, कानाला यंत्र लागलं होतं. त्यांना कसं सांगावं हे मी वाटेत तीन वेळा ठरवलं होतं, पण तिथं गेल्यावर सरळच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा शोधला, पेन्सिल घेतली आणि म्हणाले, “चलो. पाच मिनिटांचं काम आहे. लेबलाचा भाग मीच लिहिलाय. वर ‘पक्कं’मध्ये असेल, एका जागी.”

कडूबाचे केस पांढरे झाले होते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. त्यानं सरांसाठी खुर्ची पुसली. जुना कॉम्प्युटर उघडला. सर वरची यादी वाचू लागले. बादली. पोतं. ओलावा. भुसा. यादी संपली. त्यांनी पुन्हा वरून वाचली.

“शहर नाही यात,” ते म्हणाले.

मी खाली शोधलं. दुभत्या गाईचं लेबल, गाभण गाईचं, वासराचं, शेळीचं, प्रत्येक ‘छाप’च्या पुढं शहराचं नाव थेट लिहिलेलं होतं. अक्षरन् अक्षर सरांनी घातलेलं. अकरा ठिकाणी.

सर पडद्याकडं बघत होते. मग कडूबाकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, “हे बी बदलंल, असं माझ्या डोक्यातच आलं नाय रे.”

कडूबा स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसला. “असू द्या, सर. तुम्ही लिवा, मी मोजतो. एक बी ऱ्हाऊ द्यायचा नाय.”

“आधी वर एक ओळ घेऊ,” सर म्हणाले आणि यादीत बादलीच्या वर ‘पक्कं शहर’ लिहून पुढं नवं नाव घातलं. मग खाली उतरून एकेका ठिकाणचं जुनं नाव काढून नुसतं ‘शहर’ लिहीत गेले. एका बोटानं, एकेक अक्षर. कडूबा कागदावर रेघा मारत होता. “सात. आठ. सावकाश, सर.” अकरा झाल्यावर दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले. अकराच होते. कडूबानं यंत्र चालू केलं आणि नव्या नावाचं पहिलं लेबल बाहेर आलं, स्वच्छ, सरळ.

टेबलावर जुन्या लेबलांची चळत होती. सरांनी त्यातलं एक उचललं, पालथं केलं आणि कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: ‘शहर बदलायचं असल्यास पहिली ओळ. फक्त तिथंच.’ शेजारी समासात उर्दूतही लिहिलं. ते लेबल कडूबाच्या हातात दिलं.

“आता परत कोण बदलतंय, सर?” कडूबा म्हणाला.

“तुझ्यानंतर जो बसेल त्याला दे.”

परतताना मी गाडी चालवत होते आणि वाट बघत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी केळ्यांना, पेट्यांना, घंटांना, लेण्यांतल्या खांबांना तो प्रश्न विचारला होता. आज सकाळपासून एकदाही विचारला नव्हता. छावणीच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. केळ्याची गाडी उभी होती. केळीवाल्यानं डझनाचा भाव सांगितला. सरांनी पैसे दिले आणि पिशवी पुढं धरली, काही न बोलता.

मला ते सहन झालं नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, “डझनच का, भाऊ? हे कुणी ठरवलं?”

केळीवाला गोंधळला. “म्याडम, दहा देऊ का?”

सर पिशवी धरून तसेच उभे होते. मग त्यांनी कारखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं, आणि हसले.